तीस कामकाजाचे दिवस, पण कोणाच्या कॅलेंडरचे?

प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत मशीनिंगचा छोटा कारखाना आहे. मुंबईच्या एका कंपनीची ऑर्डर ११ ऑगस्ट २०२५ ला, सोमवारी आली. पीओवर (पर्चेस ऑर्डर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा कागद) लिहिलंय, ‘ऑर्डरच्या तारखेपासून ३० कामकाजाच्या दिवसांत माल आमच्या स्टोअर्समध्ये पोच’. माल २२ सप्टेंबरला पोचला. कंपनी म्हणते मुदत १९ लाच संपली, आणि बिलातून एका आठवड्याची एलडी (उशिरासाठी आधीच ठरलेला दंड) कापली. कारखानदाराने एक्सेलवर मोजलं तर एका फॉर्म्युल्याने २८ दिवस येतात, दुसऱ्याने ३४. मग बरोबर कोण, आणि पुढच्या वेळी मोजायचं कसं?

तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. एक आकडा कंपनीच्या कॅलेंडरचा आहे, दुसरा तुमच्या. पीओवर ‘कामकाजाचे दिवस’ लिहिलं, पण कामकाज कोणाचं ते लिहिलं नाही. भांडणाचं मूळ तिथे आहे, गणितात नाही. प्लॅनिंग आणि परचेसच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाल्यावर सांगतो, या विषयातली नव्वद टक्के भांडणं अशीच असतात.

हीच ऑर्डर वेगवेगळ्या कॅलेंडरवर मोजून बघू. ऑर्डरचा दिवस सोडून १२ ऑगस्टपासून सुरुवात करायची.

नुसते ३० दिवस, म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर: १० सप्टेंबर.

तुमचा कारखाना: भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, रविवारी मशीन चालू. १५ ऑगस्ट, २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी आणि ६ सप्टेंबरची अनंत चतुर्दशी बंद धरली, तर तिसावा दिवस १९ सप्टेंबर, शुक्रवार.

बँक: दुसरा आणि चौथा शनिवार बंद, बाकीचे शनिवार चालू. राज्याच्या यादीतल्या सुट्ट्या वगळल्या तर २० सप्टेंबर, शनिवार.

कंपनीचं मुंबईचं ऑफिस आणि स्टोअर्स: सोमवार ते शुक्रवार. १५ ऑगस्ट, २७ ऑगस्ट आणि ८ सप्टेंबर बंद. तिसावा दिवस २५ सप्टेंबर, गुरुवार.

एकच पीओ, एकच ‘३०’, आणि चार तारखा. सगळ्यात लवकरची आणि सगळ्यात उशिराची यांच्यात १५ दिवसांचं अंतर. कंपनीच्या परचेसवाल्याने हुशारी केली ती अशी, की स्वतःचं ऑफिस आठवड्यातून पाच दिवस चालतं तरी मोजताना तुमचं सहा दिवसांचं कॅलेंडर धरलं. ‘तुम्ही रविवारी काम करता ना, मग तो तुमचा कामकाजाचा दिवस’. युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण माल पोचवायचा होता त्यांच्या स्टोअर्समध्ये, आणि ते स्टोअर्स शनिवार-रविवारी माल उतरवून घेत नाही. जिथे माल घेतला जाणार तिथलं कामकाज धरायचं, हाच त्या वाक्याचा सरळ अर्थ. भारतीय करार कायद्याचं कलम ४७ याच अंगाने जातं: दिवस ठरलेला असेल तर वचन त्या दिवशी, धंद्याच्या नेहमीच्या वेळेत, ठरल्या जागी पाळायचं. त्या कलमाखालचं उदाहरणच गोदाम बंद व्हायची वेळ टळून गेल्यावर माल घेऊन आलेल्या माणसाचं आहे; कायद्याच्या नजरेत त्याने माल पोचवलेलाच नाही. गोदामाच्या वेळेला एवढं वजन असेल तर गोदामाच्या सुट्टीलाही असणारच. दुसरं म्हणजे पीओ त्यांनी लिहिलीय. मजकूर दोन अर्थांचा निघाला तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायचा, ही कोर्टांची जुनी रीत.

तेव्हा एलडीला लेखी हरकत घ्या. पत्रात फार कायदा घालू नका. एका पानाचा तक्ता लावा: त्यांच्या ऑफिसचे चालू दिवस, तारखेसमोर वार आणि आकडा, २२ सप्टेंबरसमोर २७. भांडणात कलमांपेक्षा असा तक्ता जास्त चालतो, कारण समोरचा अकाउंट्सवाला बोट ठेवून स्वतः मोजू शकतो. रक्कम लहान असेल तर कोर्टाची भाषा काढण्यात अर्थ नाही. अर्धा टक्का कपातीसाठी वकील गाठायचा नसतो.

आता एक्सेल. ‘नेटवर्कडेज’ हा फॉर्म्युला शनिवार-रविवार सोडून दिवस मोजतो. ‘नेटवर्कडेज डॉट इंटल’ मध्ये साप्ताहिक सुट्टी आपण सांगायची: १ म्हणजे शनिवार-रविवार, ७ म्हणजे शुक्रवार-शनिवार, ११ म्हणजे फक्त रविवार आणि १५ म्हणजे फक्त गुरुवार. तुमच्या कारखान्याचा आकडा १५. तुमचे २८ पहिल्या फॉर्म्युल्याने आले आणि ३४ दुसऱ्याने, ते यामुळे.

पण तक्त्यात मी २७ म्हणालो आणि एक्सेल २८ म्हणतं, हे लक्षात आलं असेल. हे दोन्ही फॉर्म्युले पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरतात. म्हणजे ११ ऑगस्ट हाच त्यांचा पहिला दिवस. ‘ऑर्डरच्या तारखेपासून’ म्हटलं की ती तारीख सोडायची, ही रीत सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ (जनरल क्लॉजेस ॲक्ट) च्या कलम ९ मध्ये आहे. ते कलम कायद्यांच्या मजकुरासाठी आहे, तरी करारातही व्यवहारात तसंच मोजतात. म्हणून ‘नेटवर्कडेज’च्या उत्तरातून एक वजा करायचा. (सुरुवातीचा दिवस सुट्टीचा असेल तर वजा करायचा नाही, कारण तो मुळातच धरला गेलेला नसतो. इथे भले भले चुकतात.) त्यापेक्षा ‘वर्कडे’ किंवा ‘वर्कडे डॉट इंटल’ वापरा. त्याला सुरुवातीची तारीख आणि ३० द्या, तो पहिला दिवस आपोआप सोडतो आणि शेवटची तारीख हातात देतो. ११ ऑगस्ट, ३० आणि कंपनीच्या सुट्ट्या दिल्या की २५ सप्टेंबर येते. गूगल शीट्समध्येही हेच फॉर्म्युले याच नावांनी आहेत.

खरी मेहनत सुट्ट्यांच्या यादीवर करायची. सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्या राजपत्रात जाहीर करतो, परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) च्या कलम २५ खाली. २०२५ च्या यादीत २४ सुट्ट्या होत्या. म्हणून कोणी २४ दिवस वजा करत असेल तर त्याला थांबवा. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि पारशी नववर्ष एकत्र आले होते, २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा. चार सुट्ट्या रविवारी होत्या, बकरी ईद शनिवारी. पाच दिवसांच्या ऑफिसची प्रत्यक्षात बुडालेली कामकाजाची दिवसं १७ च. फॉर्म्युला ही काळजी स्वतः घेतो. साप्ताहिक सुट्टीवर पडलेला सण तो दोनदा वजा करत नाही. हाताने वजाबाकी करणारा मात्र करतो. तुमच्या बाबतीत २०२५ चा दसरा नेमका गुरुवारी होता, म्हणजे तुमच्या हिशेबात तो सुट्टी म्हणून मोजायचाच नव्हता.

ही सरकारी यादी खासगी कारखान्याला बांधील नसते, हेही लक्षात ठेवा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात पगारी सणाच्या सुट्ट्या आठ: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि चार मालक-कामगारांनी ठरवलेल्या. कारखान्याची यादी वेगळी, गेटजवळच्या फलकावर लावलेली. खांडेनवमीला मशीनची पूजा झाली की कोणी स्विचला हात लावत नाही, मग यादीत काही का असेना. दिवाळीत बाहेरगावचे कामगार गावी गेले की परत कधी येतात तेही कुठल्या यादीत सापडणार नाही. म्हणून ग्राहकाच्या कॅलेंडरचा एक रकाना, स्वतःच्या कॅलेंडरचा दुसरा, आणि प्लेटिंगवाल्यासारख्या बाहेरच्या कामवाल्यांचा तिसरा. एकाच यादीत सगळं कोंबू नका.

यादी वर्षभर जिवंतही ठेवावी लागते. सप्टेंबर २०२५ चीच गोष्ट घ्या. ईद-ए-मिलादची सुट्टी यादीत ५ सप्टेंबरला होती. ६ ला अनंत चतुर्दशी आणि विसर्जन, म्हणून जुलूस पुढे गेला आणि सरकारने मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती सुट्टी ८ तारखेला नेली. बाकी महाराष्ट्रात ५ चीच राहिली. त्या शुक्रवारी मुंबईचं ऑफिस चालू आणि पुण्याचं सरकारी ऑफिस बंद, सोमवारी उलट. २०२३ आणि २०२४ मध्येही ही सुट्टी अशीच सरकली होती. लता मंगेशकर गेल्या तेव्हा ७ फेब्रुवारी २०२२ ला राज्यात अचानक सुट्टी जाहीर झाली. २२ जानेवारी २०२४ ची सुट्टीही वर्षाच्या यादीत नव्हती, विधानसभेच्या मतदानाची २० नोव्हेंबर २०२४ ची पण नाही. म्हणून सुट्ट्यांच्या पट्ट्यात खाली दहाएक रिकाम्या ओळी ठेवायच्या आणि फॉर्म्युल्यात पूर्ण पट्टा धरायचा, म्हणजे नवी सुट्टी टाइप केली की सगळ्या तारखा आपोआप हलतात. पट्ट्याच्या पत्त्याला डॉलरची खूण लावून तो पक्का करा. नाहीतर फॉर्म्युला खाली ओढला की पट्टाही एकेक ओळ खाली सरकतो आणि वरच्या सुट्ट्या गुपचूप गळतात.

तारीख टाइप करण्यात आणखी एक खड्डा आहे. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०५/०९/२०२५ म्हणजे त्याच्या लेखी ९ मे. तो कुरकुर करत नाही, सप्टेंबरची सुट्टी मात्र मोजणीतून जाते. १५/०८ ला पंधरावा महिना नसल्यामुळे तो ते नुसता मजकूर म्हणून ठेवतो आणि फॉर्म्युला एरर देतो. एरर आलेली बरी, निदान कळतं तरी. उपाय साधा: सुट्ट्यांच्या रकान्याला असा फॉरमॅट द्या की महिन्याचं नाव आणि वार दिसेल. समोर ‘शुक्रवार ९ मे’ दिसलं की कोणाच्याही लक्षात येतं.

बँकेच्या दुसऱ्या-चौथ्या शनिवारासाठी तयार आकडा कुठल्याच फॉर्म्युल्यात नाही. ही पद्धत १ सप्टेंबर २०१५ पासूनची. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखांत येतो, चौथा २२ ते २८ मध्ये. वर्षाचे सगळे शनिवार काढा, तारीख या दोन टप्प्यांत बसते ते वेगळे करा, सुट्ट्यांच्या यादीत टाका आणि साप्ताहिक सुट्टी ११ द्या. राज्य सरकारची ऑफिसं मात्र २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, तिथे सगळे शनिवार बंद. बँक आणि मंत्रालय एकाच कॅलेंडरने मोजणारे लोक अजून भेटतात.

एवढं झालं तरी हे सगळं मुदत संपण्याबद्दल. मोजणी सुरू कधी होते, तिथे याहून मोठे दिवस जातात. पीओवर तारीख ११, पण मेल १४ च्या संध्याकाळी आला. ड्रॉइंगवर त्यांच्या डिझाइनची सही २० ला झाली. ३० टक्के आगाऊ रक्कम २५ ला खात्यात आली. यातल्या कुठल्या दिवसापासून तीस? पीओवर ‘ऑर्डरच्या तारखेपासून’ लिहिलं असेल तर तुम्ही ११ ला बांधले गेलात, मग ड्रॉइंग कधीही येवो. सुट्ट्यांवर तासभर वाद घालणारे लोक ही ओळ वाचतसुद्धा नाहीत. पीओ आल्याबरोबर दोन ओळींचा मेल टाकायचा: ‘मंजूर ड्रॉइंग आणि आगाऊ रक्कम यांपैकी जे नंतर मिळेल त्या दिवसापासून मुदत मोजली जाईल.’ समोरून हरकत आली तर ती पहिल्याच दिवशी येऊ दे.

शेवटही तपासा. ‘पोच’ म्हणजे तुमच्या गेटमधून डिस्पॅच, की त्यांच्या गेटवरची एन्ट्री, की जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअर्सची नोंद) झाल्याची तारीख? बऱ्याच स्टोअर्समध्ये दुपारनंतर गाडी उतरवत नाहीत, मार्चअखेर स्टॉक-टेकिंगला दोन-तीन दिवस गेट बंद असतं. गाडी वेळेत दारात उभी होती याचा गेट-एन्ट्रीचा शिक्का ड्रायव्हरने घेतलाच पाहिजे. आणि एलडीचं कलम बहुतेक ठिकाणी ‘दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के’ असं असतं. म्हणजे एक दिवस उशीर झाला तरी पूर्ण आठवडा, आणि हा आठवडा कॅलेंडरचा. मुदत कामकाजाच्या दिवसांत, दंड साध्या दिवसांत.

आता मुख्य काम, उलटं प्लॅनिंग. तुमच्याच ऑर्डरवर करून दाखवतो. मुदत २५ सप्टेंबर धरू. तो गुरुवार, तुमची सुट्टी. म्हणजे गाडी बुधवारी २४ ला संध्याकाळी भरून निघायला हवी. पॅकिंगला २३. त्याआधी कंपनीच्या इन्स्पेक्टरचे दोन दिवस. तो शनिवार-रविवारी येत नाही, गुरुवारी तुमचं शेड बंद. म्हणजे आठवड्यात दोघांचे सामायिक दिवस चारच: सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार. ते दोन दिवस म्हणजे शुक्रवार १९ आणि सोमवार २२. १८ ला गुरुवार, म्हणून माल प्लेटिंगहून १७ ला परत यायला हवा. प्लेटिंगला चार दिवस, तुमच्याच पट्ट्यातला वेंडर धरून १३ ते १६. म्हणजे मशीनिंग शुक्रवारी १२ सप्टेंबरला संपलं पाहिजे. १२ सप्टेंबर हा तुमच्या कॅलेंडरने चोविसावा दिवस. त्यातून मटेरियल येऊन कटिंग होईपर्यंतचे पाच दिवस काढा. मशीनला मिळाले १९. ‘तीस दिवस आहेत, आरामात होईल’ असं म्हणणाऱ्या शॉप-फ्लोअरला हा १९ चा आकडा पहिल्या दिवशी फळ्यावर दिसला पाहिजे.

हे एक्सेलवर करायला ‘वर्कडे डॉट इंटल’ मध्ये दिवस उणे द्या, तो मागे मोजतो. प्रत्येक टप्प्याला त्या-त्या माणसाची साप्ताहिक सुट्टी आणि त्याचीच यादी लावा. आकड्याऐवजी सात अंकांची ओळही चालते, सोमवारपासून सुरू, सुट्टीला १. इन्स्पेक्टर आणि तुम्ही मिळून ‘०००१०११’. ही ओळ अवतरणचिन्हांत द्यायची. आखातात माल पाठवणाऱ्यांना याचा जास्त उपयोग: सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार बंद, तर अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी सरकारी ऑफिस अर्धा दिवस. जुन्या फाइलमधला आकडा तसाच राहिला की दुबईची तारीख चुकते.

काही दिवस कागदावर चालू असतात, पण माल हलत नाही. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते आणि पुण्याकडे निघते तेव्हा रस्ते वळवलेले असतात. तुमची मशीन चालतील, गाडी निघणार नाही. विसर्जनाच्या दिवशी पुण्या-मुंबईत ट्रक घुसवण्याचा विचारही करू नये. असे दिवस सुट्टीच्या यादीत घालू नका, नाहीतर मशीनचे दिवसही बुडतील. फक्त वाहतुकीच्या रकान्यात घाला.

कायद्यातल्या मुदतींना मात्र यातलं काहीच लागू नाही. कायदा ‘दिवस’ म्हणतो तेव्हा रविवार, दिवाळी सगळं धरून दिवस. माहिती अधिकाराचे ३० दिवस तसेच. शेवटचा दिवस सुट्टीचा आला आणि काम कोर्टात किंवा सरकारी ऑफिसात करायचं असेल, तर ते उघडेल त्या दिवशी चालतं. १८९७ च्याच कायद्याचं कलम १०. पण ही सवलत सगळीकडे ओढू नका. चेक न वटल्याची नोटीस बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, आणि ती तुम्ही पोस्टाने धाडता, कोर्टात दाखल करत नाही. तिसावा दिवस रविवारी येतोय म्हणून सोमवारवर ढकलू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भीमाशंकर सहकारी सक्करे कारखाने नियमित (कर्नाटकातला साखर कारखाना) विरुद्ध वालचंदनगर इंडस्ट्रीज या प्रकरणात याहून कडक भूमिका घेतली. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायची तीन महिन्यांची मुदत उलटली होती, वाढीव ३० दिवस कोर्टाच्या सुट्टीत संपले, आणि अर्ज कोर्ट उघडल्याच्या दिवशी दाखल झाला. तो मुदतबाह्य ठरला: मूळ मुदत सुट्टीत संपली तर सवलत मिळते, वाढीव मुदतीला नाही. ‘महिना’ आणि ‘३० दिवस’ यांतही गल्लत नको. चेकच्या फौजदारी तक्रारीला एक महिना असतो, आणि तो इंग्रजी कॅलेंडरचा.

आणि तुमच्या बाजूने चालणारी एक मुदत आहे, तिच्याकडे लघुउद्योजक सर्रास दुर्लक्ष करतात. तुमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे पैसे द्यायची कमाल मुदत, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस. साधे दिवस, कामकाजाचे नाहीत. लेखी करार नसेल तर १५. पीओवर ‘६० कामकाजाच्या दिवसांत पेमेंट’ छापलेलं असलं तरी ४५ च्या पुढचं चालत नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही तर तो पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. तुमचा माल २२ सप्टेंबरला पोचला. हरकत आली नसेल तर पंचेचाळिसावा दिवस ६ नोव्हेंबर. एलडीच्या पत्राखाली ही तारीखही लिहा, त्यांच्या अकाउंट्सला बाकी काही सांगावं लागणार नाही.

पुढच्या पीओसाठी मजकूर असा मागा: ‘माल खरेदीदाराच्या स्टोअर्समध्ये अमुक तारखेस किंवा त्यापूर्वी पोचवला जाईल. मंजूर ड्रॉइंग किंवा आगाऊ रक्कम मिळण्यास जितके दिवस उशीर होईल तितके दिवस ही तारीख पुढे जाईल. ती तारीख खरेदीदाराच्या स्टोअर्सच्या सुट्टीची आल्यास पुढचा चालू दिवस धरला जाईल.’ यात ‘कामकाजाचे दिवस’ हे शब्द नाहीत. मोजणी तुम्ही घरी करा आणि पीओवर तारीख घाला. परचेसवाला म्हणेल, आमचा छापील फॉर्म बदलता येत नाही. मग त्याच फॉर्मवर ‘३० कामकाजाचे दिवस’ च्या पुढे कंसात तारीख लिहून घ्या आणि त्याची आद्याक्षरं घ्या.